बोर्डावर न जोडलेली तार

तुये गावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच टेबलावर काम करायचो. तो माझा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र. डिचोलीहून येतानाही बसमध्ये शेजारीच.

वडिलांच्या पोफळी-नारळाच्या कुळागरातला पंप टाकी भरली की आपोआप बंद व्हावा म्हणून मी घरीच एक सर्किट बोर्ड बनवला होता. चकचकीत कागदावर आराखडा छापायचा, तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर तो पालथा ठेवून इस्त्री फिरवून शाई तांब्यावर उतरवायची, मग बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळतं, शाईखालच्या रेघा तेवढ्या उरतात. घरापुढच्या बाल्कांवातल्या लाद्यांवर पडलेल्या तपकिरी डागांवरून आई अजून बोलते.

तो बोर्ड त्याने बघायला म्हणून नेला. काही दिवसांनी मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. माझा बोर्ड त्याच्या हातात होता. बसमध्ये तो म्हणाला, "तुझं नाव सांगणारच होतो गो, राहून गेलं."

मी हसले. तो निर्धास्त झाला.

इतका निर्धास्त, की गिऱ्हाइकांना दाखवायला नवा बोर्ड लागणार म्हटल्यावर त्याने मलाच विचारलं. मी तो जीव ओतून बनवला. अशा बोर्डावर दोन रेघा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. तिथे वरून तारेचा तुकडा जोडावा लागतो. तेवढा मी जोडला नाही.

गिऱ्हाइकांपुढे पंप सुरू झाला, पिंप भरलं, आणि पंप थांबेना. पाणी त्यांच्या बुटांखाली पसरलं तेव्हा कोणीतरी प्लग खेचून काढला. काय बिघडलंय, मालकांनी त्याला विचारलं. तो बोर्ड उलटसुलट करत राहिला. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजत गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घाई केली नाही. त्याचं ते बघणं मला हवा तितका वेळ चालू दिलं.

मग पुढे होऊन तार सोल्डर केली. पंप वेळेवर थांबला.

"राहून गेली होती," मी म्हणाले.

मालकांना समजायचं ते समजलं. पुढचं काम माझ्याकडे आलं, त्याला पॅकिंगमध्ये पाठवलं. बऱ्याच दिवसांनी बसस्टॉपवर त्याने विचारलं, आधी मालकांना सरळ का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तू माफी मागितली असतीस," मी म्हणाले. "मला ती नको होती."

बस आली. तो पुढच्या दाराने चढला, मी मागच्या.