किल्ला धूसर दाखवणारी लेन्स

बाबा लग्नांचे फोटो काढायचे. "अजून जवळ या, अजून जवळ," हा त्यांचा आवाज मांडवभर ऐकू यायचा. ते गेले आणि कपाटात त्यांची एक जुनी लेन्स उरली. तिच्यासाठी मी नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. बाबा ज्या काचेतून बघायचे, तिच्यातून मला एकदा आईला बघायचं होतं, बस. आईची अट एकच. पडेगावच्या आमच्या गच्चीवरून दौलताबादचा किल्ला दिसतो, तो फोटोत मागं स्पष्ट हवा. तसा फोटो बाबांकडून राहूनच गेला होता.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला थेट बसत नाही, मधे अडॅप्टरचं कडं लागतं. मी स्वस्तातलं मागवलं. कॅमेरा म्हणे, लेन्सच लावलेली नाही! सेटिंग शोधून त्याची समजूत घातली. आई छान दिसायला लागली, किल्ला मात्र धूसर. लेन्सवरची फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवली, तरी तेच. कडंच जाड असणार, त्यानं लेन्स पुढं सरकून लांबचं धूसर होत असणार, म्हणून दुसरं मागवलं, मग तिसरं. ती बनवणाऱ्यांचा मी मनसोक्त उद्धार केला.

शेवटी वैतागून लेन्सच्याच मागचे स्क्रू काढले. आत निगेटिव्हचे बारीक तुकडे, एकावर एक चिकटवलेले. त्यांच्यामुळं काच जरा पुढं सरकली होती.

"ते ह्यांनीच बसवलेत," आई म्हणाली. "मंगळसूत्राचे, मेंदीचे फोटो लोक लई जवळून मागायचे. लांबचं मग दिसत नाय."

"आधी सांगायचंस ना!"

"तू इचारलंस कुठं? त्या कड्यालाच कोसत व्हतीस."

तुकडे उजेडाकडं धरले. कुणाच्या तरी लग्नातला काळपट कोपरा, बाकी काही नाही. कात्री घेऊन मान वाकवून बसलेले बाबा डोळ्यांपुढं आले. ते आत्ता इथं हवे होते.

तुकडे बाजूला ठेवून लेन्स जोडली आणि फोटो काढला. आई स्पष्ट, मागं किल्ल्याचा कडाही स्पष्ट. आईनं बराच वेळ बघितला.

"चांगला आलाय. आता ते तुकडे परत बसव."

"मग किल्ला दिसणार नाही."

"किल्ला रोजच दिसतो की."

मी तुकडे होते तसे बसवले. कॅमेरा डोळ्याला लावला आणि आईला म्हणाले, "अजून जवळ ये."