भाऊजींचे दोन ऑल्टरनेटर

भाऊजी गेले तो मंगळवार होता. सकाळी चहा घेऊन ते खाली पार्किंगमध्ये गेले आणि वर आले नाहीत. गाडीशेजारच्या स्टुलावर दोन ऑल्टरनेटर होते.

निर्णय न घेण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या बहिणीच्या या नवऱ्याइतका निश्चयी माणूस अख्ख्या कलकत्त्यात झाला नसेल. बँकेच्या बदलीवर ते इथे आले आणि परत जायचं की राहायचं याचा विचार करता करता निवृत्त झाले. त्यांना चपला हव्या असल्या की दुकानदार आधी आपला डबा खाऊन घ्यायचा. मासळीबाजारात रुई घ्यावी की कातला, याचा विचार ते इतक्या मनापासून करायचे की तोवर दोन्ही संपायच्या. मग ते बटाटे घेऊन प्रसन्न चेहऱ्याने घरी यायचे. ताईने या बटाट्यांचे इतके प्रकार शोधून काढले होते की आमच्या न्यू टाउनच्या सोसायटीतल्या बंगाली बायका आम्हा मराठी लोकांना शाकाहारीच समजत.

अशा माणसाने किट कार मागवली. किट कार म्हणजे खोक्यांतून सुट्या भागांत येणारी गाडी. ती आपली आपण जोडायची, इंजिन जुन्या गाडीचं मिळवायचं. दोनच माणसं बसतील एवढी. भाऊजींना गाडी चालवता येत नव्हती, ही गोष्ट त्यांना मुळीच महत्त्वाची वाटली नाही. "चालवणार ही," ताईकडे बोट दाखवून ते म्हणाले. "मी शेजारी बसून रस्ता सांगणार."

"तुम्ही सांगणार? डावीकडे की उजवीकडे?" ताई म्हणाली. "मग पोचलोच आपण!"

पण त्या दिवसापासून तिनेही ती गाडी मनात धरली. गुडघे धरल्यापासून ती फारशी बाहेर पडत नसे. गाडीत बसायला मात्र तिला चालणार होतं.

जुन्या व्हॅनचं इंजिन बसलं, फायबरचं अंग बसलं, आणि बॉनेट मिटेना. इंजिनाचा ऑल्टरनेटर बोटभर वर येत होता. म्हणजे आटोपशीर ऑल्टरनेटर शोधणं आलं. भाऊजींनी हावड्याच्या गल्ल्या पालथ्या घालून दोन आणले, एक छोटा आणि एक त्याहून थोडा मोठा. आणि इथून पुढे माझा जो गोंधळ सुरू झाला तो अजून संपलेला नाही. मी जन्मभर ग्रंथालयात काम केलेली बाई. मी विचारलं, "भाऊजी, हा करतो तरी काय?"

"मेहुणीबाई, बॅटरी म्हणजे आपली गच्चीवरची टाकी आणि हा म्हणजे खालचा पंप. टाकी भरत राहतो."

"मग मोठाच घ्या."

"मोठा बसवायचा तर चौकटीचा पाइप कापावा लागतो."

"मग छोटा."

"छोटा पुरत नाही. समजा, संध्याकाळी हावडा ब्रिजवर गाडी अडकली. पाऊस लागलाय. दिवे चालू, वायपर चालू, रेडिएटरचा पंखा चालू, आणि ही सारखी हॉर्न वाजवतेय."

"मी हॉर्न वाजवत नाही," ताई म्हणाली.

"ब्रिजवर वाजवशील."

घरी जोडलेल्या गाडीला कागदपत्रं मिळणार नव्हती. ती सोसायटीच्या फाटकाबाहेर जाणारच नव्हती. हे तिघांनाही ठाऊक होतं. तरीही आम्ही त्या पुलावर कितीतरी संध्याकाळी अडकून बसलो. ताई हळूहळू खाली उतरायची, चालकाच्या जागेवर बसायची, भाऊजी बॉनेटमध्ये डोकं घालून बोलायचे आणि मी स्टुलावर. वरच्या मजल्यावरचे बंगाली शेजारी जाता जाता विचारायचे, "दादा, गाडी कबे चोलबे?" "पूजोर पोरे," भाऊजी उत्तर द्यायचे. पूजेनंतर. या शहरात सगळंच पूजेनंतर होतं, त्यामुळे कोणाला शंका यायची नाही.

घरचा गणपती भाऊजी स्वतः गंगेच्या मातीचा करायचे. एका वर्षी उरलेल्या मातीतून त्यांनी मोठ्या ऑल्टरनेटरची प्रतिकृती केली. खरा वर-खाली करून हात भरून यायचे, म्हणून मातीचा बसवून बघणार होते. तो वाळायला मूर्तीच्या पायाशी ठेवला आणि विसरले. पुढे आलेली पुली, मागे गोल पाठ. आरतीला आलेल्या बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, दूर्वा वाहिल्या, पुढ्यात मोदक ठेवला.

"यंदा दोन उंदीर?" एकीने विचारलं.

"मूर्ती जड आहे ना यंदा," ताईने सांभाळून घेतलं. नवऱ्याच्या हातचा उंदीर कसाही दिसू शकतो हे ती जाणून होती.

घाटावर मूर्तीबरोबर तोही गेला. भाऊजींना घरी आल्यावर कळलं. ते म्हणाले, "बाप्पाने मोठा नेला. बरोबर आहे, त्याला रात्रीचा प्रवास." आणि निवड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

त्यांना खरंच निवडायचं होतं का, हे मला कळत नाही. कधी वाटतं, गाडी पुरी झाली असती तर संध्याकाळी खाली जायला कारण उरलं नसतं. कधी वाटतं, मी पुस्तकं वाचून असले अर्थ काढते. त्यांना फक्त तो पाइप कापवत नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर, इंजिन बसवून देणारा हावड्याचा मिस्त्री आला. त्याने दोन्ही उचलून ताईपुढे धरले. "दीदी, कोनटा?"

ताईने पाहिलंही नाही. "छोटा," ती म्हणाली. "मला रात्री कुठे जायचंय?"

दुपारपर्यंत छोटा बसला. बॉनेट मिटलं.

मोठा ऑल्टरनेटर ताईच्या देवघराच्या खालच्या फळीवर आहे. रविवारी दुपारी ताई गाडी फाटकापर्यंत नेते आणि वळवून आणते. हॉर्न वाजवत नाही. शेजारच्या जागेवर मी बसते. रस्ता सांगत नाही. दिवे लागायच्या आत आम्ही परत येतो.