खरवडलेलं लेबल

मी बी. फार्म. झालो तो पलूसच्या मेडिकलवाल्या काकांमुळे. प्रतिकारशक्तीचा काढा मागायला कोणी आलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून बाटलीचं लेबल मोठ्यानं वाचत.

"गुळवेल किती, लिवलंय का? न्हाई. मग घरी जाऊन भाकरी खा गड्या."

यंदा काकूंची केमो सुरू झाली. डॉक्टर आता बरं होण्याचं फारसं बोलत नाहीत. परवा सांगलीच्या दवाखान्यात गेलो, तर उशाशी तसलीच बाटली होती, लेबल नखानं खरवडलेलं. मी ती उचलली.

"वाचू नगंस रं," काका म्हणाले. "तिला कायतरी देतोय, एवढंच ऱ्हाऊ दे."

मी बाटली परत उशाशी ठेवली. काल पत्र धाडलं: "काका, ती बाटली डॉक्टरांना दाखवा. केमोत असलं औषध उलटू शकतं. तुम्ही दाखवली नाहीत, तर मी दाखवीन. मग मला दारात उभं केलं नाहीत तरी चालेल."