परडीवर टेकलेलं बोट

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना देवघरासमोर बसता येईना. सकाळी अंगणातल्या जास्वंदीची फुलं काढून आणणंही थांबलं. मग नणंदेने त्यांच्या फोनमध्ये पूजेचं अ‍ॅप घालून दिलं. पडद्यावर गणपती आणि खाली फुलांची परडी. परडीवर बोट टेकवलं की लाल फुलं मूर्तीवर झरझर पडतात.

मला हसू यायचं. फुलाला ना देठ, ना दुसऱ्या दिवशी उचलायचं निर्माल्य. ही कसली पूजा, असं मी नवऱ्याला ऐकवलंही होतं.

काल त्यांना चहा द्यायला गेले तेव्हा पूजा चालली होती. एरवी नातवंडांचे फोटो पुढे सरकवताना त्यांची तर्जनी पडद्यावर सारखी फिरत असते. परडीवर मात्र त्यांनी करंगळीशेजारचं बोट टेकवलं, देवाला गंध लावायचं.

"कुठल्याही बोटाने पडतात की फुलं," मी म्हटलं.

"फोनला चालतं गं," त्या फुलांवरची नजर न काढता म्हणाल्या. "पण देवाला तर्जनी कशी लावू?"

इतकी वर्षं मी ताज्या फुलांचा हार घालते, तोही एका हाताने, दुसऱ्या हातात गॅसचा लायटर धरून. फुलं खरी असली की पूजा झालीच, असं मीच ठरवून टाकलं होतं.

दुपारी त्या झोपल्यावर मी हळूच त्यांचा फोन उचलला. परडीपर्यंत बोट नेलं आणि थांबले. फोन खाली ठेवला आणि आधी हात धुऊन आले.