उत्तर टपालानं पाठवा

निशातबाई गडचिरोलीतल्या अहेरीच्या आठवडी बाजारात बांगड्या भरायची. एरवी टोपली घेऊन जंगलातली गावं फिरायची. माहितीचा अधिकार नवा होता, त्या काळात तिचा भाऊ जुबेर सायकलवर कंगवे-आरसे विकायला गेला आणि परतलाच नाही. लोक म्हणाले, पोलिसांनी नेला. ठाण्यात म्हणाले, आम्ही नाही.

तिनं वकिलाच्या कारकुनाकडून अर्ज लिहून घेतला: जुबेरला ठाण्यात आणलं होतं का? खाली हट्टानं आणखी एक ओळ घालायला लावली, उत्तर टपालानंच पाठवा.

"टपालानंच काऊन, बाई?" कारकून हसला.

"दारात पोलिसांची जीप थांबली का जंगलातले नक्षली खबरी समजतात, भाऊ. मंग जीव राह्यत नाई."

टपालकचेरी ठाण्याच्या अगदी समोर होती. तरी उत्तर जीपनं आलं, ऐन बाजाराच्या दिवशी, थेट तिच्या टोपलीपुढं. ठाण्याचा साहेब उतरला, लिफाफा दिला, सही घेतली. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं गोड आवाजात म्हणाला, "काही कळलं तर सांगत जा, बाई."

लिफाफ्यात एकच ओळ होती: अशी नोंद आढळत नाही.

आतल्या गावची एक जुनी गिऱ्हाईक तेव्हा तिच्यापुढं बसली होती. तिचा एक हात भरून झाला होता. सवाष्ण बाई भरलेल्या बांगड्या कधी परत करत नाही.

त्या गिऱ्हाईक बाईनं जीप गेली तिकडं पाहिलं. मग एकेक बांगडी हातातून उतरवून टोपलीत ठेवली, आणि निशातकडं न बघता उठून गेली.