पंचेचाळीस फुटी आर्डिस

न्यू हाल्डनच्या लोकांनी आर्डिस क्वामीचा पंचेचाळीस फुटी पुतळा उभारायचं ठरवलं, तेव्हा आर्डिस चर्चच्या तळघरात कॉफीची टाकी विसळत होती. सत्तर कपांची ती टाकी गेली बेचाळीस वर्षं तीच विसळत होती. सासूने आजारपणात ‘एवढ्या रविवारपुरतं बघशील का’ म्हणून टाकी तिच्या हवाली केली. सासू बरी झाली, पुढे यथावकाश वारलीही, पण तो रविवार काही संपला नाही.

या वर्षी आर्डिसला सत्तरावं लागणार होतं आणि तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की आता पुरे. टाकी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायची आणि प्रार्थनेनंतर चार बायकांसारखं खुर्चीवर बसायचं. नवऱ्याला, ऑर्लिनला, तिने हे सांगितलंही होतं. ऑर्लिनने मान डोलावली होती, पण त्याच्या कानाचं यंत्र तेव्हा टेबलावर होतं.

पुतळ्याची टूम काढली व्हर्लिन हॉगरुडने. चारशे ऐंशी वस्तीच्या त्या गावाचा तो नगराध्यक्ष, आणि उरलेला वेळ ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. त्याचं दुखणं एकच होतं. बारा मैलांवरच्या ब्रॅम्टनमध्ये हायवेच्या कडेला एक्केचाळीस फुटी मासा उभा होता. मिनेसोटातली सुट्टीवर निघालेली कुटुंबं त्याच्या जबड्यात पोरं बसवून फोटो काढत, तिथेच आइस्क्रीम खात आणि न्यू हाल्डनमधून मान न वळवता निघून जात. आपणही काहीतरी उंच उभारावं हे ठरलं, पण मक्याचं कणीस आसपासच्या तीन गावांत होतं. बदक होतं, बैलही होता. आपल्या गावाचं वैशिष्ट्य काय, या प्रश्नावर समिती दोन बैठका नुसती गप्प बसली. तिसऱ्या बैठकीत आर्डिस त्यांच्या कपांत कॉफी ओतायला वाकली आणि सगळ्यांच्या नजरा एकदम तिच्याकडे वळल्या.

‘‘नको रे व्हर्लिन, मला नको हे,’’ ती म्हणाली.

व्हर्लिन समजूतदारपणे हसला. न्यू हाल्डनमध्ये कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अगदी थोडंसं’ म्हणून कप पुढे करायचा. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस बाहेरगावचा, नाहीतर भुकेला समजला जातो.

पुढच्या आठवड्यात तो चित्र घेऊन तिच्या घरी आला. आर्डिसने त्याच्यापुढे लिंबाच्या वड्या ठेवल्या (त्याने दोनदा नको म्हणून चार खाल्ल्या) आणि चित्र पाहिलं. चित्रातल्या बाईने कॉफीची किटली डोक्याच्याही वर, आभाळात उगारली होती. साध्या वाकलेल्या बाईची उंची एकोणचाळीस फुटांवरच संपत होती, म्हणजे माशापेक्षा दोन फूट कमी. म्हणून पुतळे बनवणाऱ्या कारखान्याने तिला ताठ उभी करून तिचा हात वर केला होता.

‘‘अशी कॉफी ओतली तर पुढच्याचं टाळकं भाजेल,’’ आर्डिस म्हणाली. ‘‘आणि व्हर्लिन, मी खरंच सांगते, मला हे नको आहे.’’

‘‘मिसेस क्वामी, तुम्ही असं म्हणणार हे मला ठाऊकच होतं,’’ व्हर्लिन प्रेमाने म्हणाला आणि पाचवी वडी उचलली.

मग तिने गावाच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं. माझा पुतळा करू नये अशी माझी इच्छा आहे, एवढाच दोन ओळींचा मजकूर. संपादकाने ते पत्र पहिल्या पानावर चौकटीत छापलं. मथळा दिला ‘नम्रतेची मूर्ती’. रविवारी बायका तिचा हात हातात घेऊन गेल्या. नणंद लॅव्हॉन म्हणाली, ‘‘किती छान लिहिलंस गं. माझा पुतळा केला असता तर मलासुद्धा इतकं सुचलं नसतं.’’ यात किती गोड होतं आणि किती कडू, ते लॅव्हॉनलाच माहीत.

घरी येऊन आर्डिस ऑर्लिनवर डाफरली. या गावात माणसाने नाही तरी कसं म्हणायचं? ऑर्लिनने कानातलं यंत्र नीट बसवलं आणि म्हणाला, ‘‘तू कधी कुणाच्या नकोला थांबलीस? लोकांनी कपावर हात ठेवला तरी तू बोटांच्या फटीतून ओततेस.’’

त्या रात्री ऑर्लिनला स्वतःचं ताट स्वतः धुवावं लागलं.

मे महिन्यात पुतळ्याचं डोकं आलं. धड अजून यायचं होतं, म्हणून ते व्हर्लिनच्या दुकानामागे नांगरांच्या फाळांशेजारी ताडपत्रीवर ठेवलं होतं. आर्डिस एकटीच जाऊन ते पाहून आली. केस तिचे होते, हनुवटीवरचा खड्डाही तिचाच. पण ते डोकं हसत होतं. वरच्या ओळीत बारा दात होते, एकेक पावाच्या लादीएवढा. उन्हात, पावसात, बर्फात हे तोंड हायवेकडे बघून असंच हसत राहणार होतं, आणि खाली गावातली माणसं म्हणणार होती, बघा, हिला किती आवडतं.

बुधवारी तळघरात सभा भरली. व्हर्लिनने अनावरणाचा कार्यक्रम वाचून दाखवला. शाळेचा बँड, पाद्रीबाबांची प्रार्थना, आणि मग पुतळ्याच्या पायाशी उभं राहून खुद्द मिसेस क्वामी पाहुण्यांना कॉफी देणार. ‘‘नुसती त्याच दिवशी नाही,’’ तो कौतुकाने म्हणाला, ‘‘उन्हाळाभर, दर शनिवारी. ब्रॅम्टनचा मासा काय जिवंत आहे?’’

टाळ्या पडल्या. आर्डिस तेव्हा तिसऱ्या टेबलापाशी ओतत होती. तिने किटली खाली ठेवली.

‘‘व्हर्लिन, मी लाजत नाहीये. मला कॉफी वाढायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. मी घरी चहा पिते. तो पुतळा माझ्या तोंडाचा करू नका, आणि येत्या रविवारपासून टाकीला दुसरं माणूस बघा.’’

मागून एक जण म्हणाला की पिकांवर अजून एखादं हिमाचं दहिवर पडेल असं वाटतं. दोघांनी ते उचलून धरलं आणि सभा हवामानावर संपली. बाहेर पडताना लोकांच्या मनाला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर तिचा तो चहा.

धड आलं, डोकं बसलं. एका रंगाऱ्याने केस लाल केले, चष्मा चढवला, हनुवटीवरचा खड्डा लिंपून टाकला. आता ती बाई कुणासारखीच दिसत नव्हती, आणि तेच बरं, असं समितीने एकमताने ठरवलं. पहिल्या आठवड्यात तीन गाड्या थांबल्या. त्यातल्या एकीने माशाचा रस्ता विचारला.

टाकी कुणी घेतली नाही. ती घ्या म्हणून लोकांच्या मागे लागणार कोण, हा प्रश्न होता, कारण तसं मागे लागायचं कामही आर्डिसचंच असायचं. शेवटी व्हर्लिनने एप्रन बांधला. त्याने पाणी मोजलं, कॉफी मोजली नाही. रविवारी तो डांबरासारखं काळं पाणी घेऊन टेबलाटेबलांतून फिरला, लॅव्हॉनला तीनदा आग्रह केला आणि आर्डिसच्या खुर्चीमागून सरळ पुढे गेला. पुन्हा आला, तेव्हाही पुढेच गेला. पलीकडच्या बायका पेल्यांत बघत बसल्या.

‘‘जायचं का घरी?’’ ऑर्लिनने हळूच विचारलं.

‘‘नाही,’’ आर्डिस म्हणाली.

बेचाळीस वर्षं तिने त्या खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या होत्या. त्या बसायला इतक्या वाईट आहेत हे तिला आज कळत होतं. तिने पर्स मांडीवरून काढून टेबलावर ठेवली, पाठ टेकवली आणि तळघर रिकामं होईपर्यंत बसून राहिली.