कुलुपातला युरिया

बाहेर इतकं धुकं, की कारखान्याचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसत नव्हतं. कुलूपकाकू आत आल्या, हातमोजे चढवले आणि आधी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. मग भांडी विसळली. मग पुन्हा कुलूप ओढलं. घरीही तीच तऱ्हा. दुधाचा वास घेऊन पाहिल्याशिवाय त्या नवऱ्याला चहा देत नसत.

इथे त्या युरियाचं पाणी करत. जिवाणूंनी बनवलेलं प्रथिन घट्ट गोळा होऊन बसतं. ते या पाण्यात सोडवायचं, मग त्याचं औषध होतं. पाणी रोज ताजं करायचं, असा नियम. पण दुसऱ्या कुणी केलेल्या पाण्यावर काकूंचा भरवसा नसे. म्हणून त्या आधीच बाटल्या भरून कुलुपात ठेवत आणि घरी जाताना दुसऱ्या पाळीच्या नणंदेच्या हाती एक देत. देखरेखीवरच्या मॅडमना याचा पत्ता नव्हता.

आज मॅडमनी दोघींना बोलावलं. "कालच्या प्रथिनाचं वजन जास्त भरतंय. युरिया तापला की त्यातून भलतंच रसायन निघतं आणि प्रथिनाला चिकटतं. बॅच वाया गेली. कुणी तापवला?"

थंडीत युरिया विरघळताना भांडं बर्फासारखं गार पडतं. शेगडीचा मोह कुणालाही व्हावा. काकूंनी नणंदेकडे रोखून पाहिलं. "वन्सं, तुम्हाला घाई फार."

"शेगडीला शिवले असेन तर हात झडो माझा!"

"शपथा घेणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही."

"न घेणाऱ्यांवर तरी कुठाय, वहिनी?"

मॅडम हसल्या नाहीत. "पाळी तुमची होती, बाई. उद्यापासून येऊ नका."

नणंदेचा चेहरा उतरला. तिच्या एकटीच्या पगारावर घर होतं. "अहो, पण पाणी वहिनींचंच होतं. कपाटातलं."

"आणि ते चोख आहे! बघाच," म्हणत काकू तरातरा गेल्या. कुलूप काढलं, हातमोजा उतरवला आणि बाटली उचलली.

बाटली कोमट होती. काकूंनी कपाटाच्या पाठीला हात लावला. ती चांगलीच तापलेली. भिंतीपलीकडे भट्टी होती.

त्यांनी सवयीनं मागे वळून पाहिलं. कुणी बघत नव्हतं. दार लोटून घेतलं असतं तरी खपून गेलं असतं. चावी मुठीत रुतली.

"मॅडम, इकडे या," काकू म्हणाल्या. "हात लावून बघा. वन्संचा काही दोष नाही."

मॅडमनी बाटली धरून पाहिली. "लेखी द्यावं लागेल, काकू. मग वरचे काय ठरवतील ते."

"देते."

सगळ्या बाटल्या मोरीत ओतून झाल्या. काकूंनी नवं पोतं उसवलं, युरिया जोखला आणि पाण्यात ढवळू लागल्या. भांडं गार पडत गेलं, बोटं आखडली. नणंद शेजारी येऊन उभी राहिली.

"द्या, मी ढवळते."

काकूंनी कांडी पुढे केली, मग मागे घेतली.

"वन्सं, हात धुतलेत ना?"